पेशीच्या आतले अदृश्य सांधे

शरीरात जंतू शिरल्याची खूण पटली, तरी रक्तातील टी-पेशी लगेच लढाईला सज्ज होत नाही. त्यासाठी पेशीबाहेरचे कॅल्शियम आत यावे लागते. हे दार उघडलेच नाही, तर पेशी जिवंत असूनही निष्क्रिय राहते आणि तान्ह्या बाळाला किरकोळ संसर्गही जिवावर बेततो. दार उघडण्याची ही किमया घडते ती पेशीतील दोन पटले एकमेकांच्या अगदी निकट येतात तेथे.

पेशीला बाहेरून वेढणारे ते पेशीपटल. आत नलिका आणि पिशव्यांचे जाळे पसरलेले असते. त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. प्रथिने व मेदरेणू तयार करणे आणि कॅल्शियमचा साठा सांभाळणे ही तिची कामे. हे जाळे काही ठिकाणी पेशीपटलापासून अवघ्या १० ते ३० नॅनोमीटरवर येऊन ठेपते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतकी जवळीक असूनही दोन्ही पटले एकजीव होत नाहीत. स्नायूपेशींतील अशा जागांचे वर्णन कीथ पोर्टर आणि जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने १९५७ मध्ये केले होते.

हे सांधे जुळतात कसे? त्यासाठी दुव्याचे काम करणारी प्रथिने असतात. त्यांचे एक टोक जालिकेच्या पटलात रुतलेले असते, तर दुसरे पेशीपटलातील विशिष्ट मेदरेणूंना धरून ठेवते. यीस्टच्या पेशीतून अशी सहा प्रथिने काढून टाकली, तेव्हा एरवी पेशीपटलाला बिलगून असणारी जालिका त्यापासून दूर सरकली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दुव्यांचे महत्त्व स्पष्ट केले.

कॅल्शियमसाठी मात्र वेगळी जोडी लागते. जालिकेतील साठा रिता झाला की पेशीपटलातील दारे उघडतात, अशी कल्पना जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडली. पण आतला निरोप बाहेरच्या पटलापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे सुमारे वीस वर्षे सुटले नव्हते. २००५ मध्ये 'स्टिम-१' या प्रथिनाची भूमिका उजेडात आली. जालिकेच्या पटलात बसलेले हे प्रथिन आतील कॅल्शियमची पातळी जोखते. ती घटली की स्टिमचे रेणू एकत्र येतात, पेशीपटलाजवळच्या सांध्यांत गोळा होतात आणि तेथील 'ओराय-१' या प्रथिनाची वाहिनी उघडतात. पेशीद्रवापेक्षा बाहेर कॅल्शियम दहा हजार पटींहून अधिक असल्याने ते वेगाने आत शिरते.

ओरायचा शोध २००६ मध्ये लागला तो प्रतिकारशक्तीच्या गंभीर आनुवंशिक विकारामुळे. बाधित बालकांच्या टी-पेशी होत्या, पण त्यांत कॅल्शियम शिरत नव्हते. ओराय-१ मधील एकच अमिनो आम्ल बदलले होते. ग्रीक पुराणकथांतील स्वर्गद्वाराच्या रक्षकांवरून या प्रथिनाला नाव मिळाले.

या सांध्यांतून मेदरेणूंचीही देवाणघेवाण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेल्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात फळमाशीच्या डोळ्यावर याविषयी संशोधन झाले आहे. प्रकाश टिपताना खर्ची पडणाऱ्या मेदरेणूची भरपाई करण्यासाठी तेथे 'आरडीजीबी' हे वाहक प्रथिन लागते. ते सदोष असेल, तर उजेडात माशीच्या दृष्टिपेशी हळूहळू नष्ट होतात.

स्नायूंचे आकुंचन, जंतूंशी झुंज आणि माशीची दृष्टी यांत वरवर साम्य नाही. पण तिन्ही ठिकाणी पेशीचे काम या अरुंद फटीतच अडते वा तडीस जाते. ओरायच्या दोषासह जन्मलेल्या बाळाला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने निरोगी दात्याच्या पेशी देता येतात. त्या पेशींचे दार वेळेवर उघडते, एवढ्यावरच त्या बाळाचे जगणे अवलंबून असते.