बर्फाखालचा रस्ता शोधणारी माणसं

पारोळ्यावरून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग मे महिन्यात डांबर मऊ करणारं ऊन सोसतो आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या काळ्या मातीशी झगडतो. बर्फाची चिंता आपल्या बांधकाम खात्याला कधी करावी लागत नाही. पण जगातल्या कितीतरी गावांत रस्त्याचा सगळा विचार बर्फापासूनच सुरू होतो. शिवाय प्रत्येक गावाने हाताशी जे आहे, त्यातूनच उपाय काढलेला दिसतो.

जपानमधलं नागाओका घ्या. समुद्रावरून ओलावा घेऊन आलेले वारे डोंगरांना धडकतात आणि इथे ओला, जड बर्फ कोसळतो. या शहराने 1961 पासून रस्त्यांत नळ्या पुरल्या. त्यांच्या छिद्रांतून भूगर्भातलं पाणी उडतं आणि पडणारा बर्फ तिथल्या तिथे विरघळतो. हे पाणी तापवावंही लागत नाही! डिसेंबरच्या पहाटे आपल्या विहिरीचं पाणी कोमट लागतं, त्यातलाच हा प्रकार. जमिनीखाली खोलवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही. तिथे ते साधारण 13-14 अंश असतं आणि बर्फाला तेवढं पुरतं. मात्र या उपशामुळे त्या भागात भूजल खाली गेलं, काही ठिकाणी जमीनही खचली. केळीसाठी बोअर खोल खोल नेणाऱ्या जळगावकरांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

अमेरिका आणि कॅनडात मिठावर भर. मिठाचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून ते बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर फवारून ठेवतात. मग बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही, आणि फाळ लावलेला ट्रक तो सहज खरवडून नेतो. विस्कॉन्सिनमध्ये तर चीज कारखान्यांतलं उरलेलं खारं पाणीही या कामी आलं आहे. थंडी उणे दहाच्या खाली उतरली की साधं मीठ हळूहळू निकामी होतं. तिथे वाळू टाकतात, निदान चाकांना पकड मिळावी म्हणून.

पण खरं आश्चर्य आपल्याच देशात आहे. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांहून उंच. तिथे ना कोमट भूजलाचा उपयोग, ना मिठाचा. हिमकडे कोसळून रस्ता पुरता गाडला जातो. सीमा रस्ते संघटनेची दोन पथकं दोन बाजूंनी निघतात. ‘बीकन’ सोनमर्गकडून येतं, ‘विजयक’ द्रासकडून, आणि खिंडीत त्यांची गाठ पडते. कोसळलेल्या बर्फात दगड असतात, झाडंही असतात. ते स्नो कटरच्या पात्यांत अडकू नयेत म्हणून आधी डोझर जातो. डोझर चालवणाऱ्याला रस्ता दिसत नसतो, कडा मात्र शेजारीच असतो. वळण कुठे आहे ते त्याला ठाऊक असावं लागतं. ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होतो, म्हणून नजर सतत उतारावर.

पूर्वी ही खिंड हिवाळ्यात जवळजवळ सहा महिने बंद असे. 2023 मध्ये ती 68 दिवसांत उघडली, 2025 मध्ये अवघ्या 32. लडाखमधल्या माणसांसाठी याचा अर्थ लवकर पोहोचलेला भाजीपाला आणि औषधं. मला तरी हा आकडा मोठ्या पुलांच्या उद्घाटनांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि हा बर्फ हटवणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण होतं कुठे? जिथे बर्फाचा कणही पडत नाही, त्या पुण्याजवळच्या दिघीत. संघटनेतल्या ग्रेफ या दलाचं केंद्र तिथे आहे. भरतीही तिथूनच होते. वाहनचालक, यंत्रचालक, मेकॅनिक अशी ती पदं असतात. पारोळा, अमळनेर, धुळ्याकडच्या आयटीआय झालेल्या आणि जेसीबीवर हात बसलेल्या पोरांनी दिघीच्या भरतीच्या जाहिरातीवर जरूर लक्ष ठेवावं.