रुंद टायर आणि मोटारीचा कल

१९६४ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीची 'मस्टँग' मोटार बाजारात आली. अशा जुन्या मोटारींना मागे रुंद टायर बसवण्याची हौस अनेकांना असते. पण जागा कोठे आहे? टायर बाहेर वाढला तर मडगार्डला घासतो, आत वाढला तर स्प्रिंगला. मालट्रकप्रमाणेच मस्टँगच्या मागच्या आसाला दोन बाजूंना पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. मग त्या आत सरकवतात.

येथेच खरी मेख आहे. एका जाड पुस्तकाखाली दोन सारखे स्पंज ठेवा. स्पंज दूर असताना पुस्तकाची कड दाबा, मग ते जवळ आणून दाबा. दुसऱ्या वेळी पुस्तक अधिक कलेल.

असे का? स्प्रिंगा जवळ आल्या की तेवढ्याच कलाने त्या कमी दबतात, म्हणून त्यांचा जोर घटतो. शिवाय तरफेची भुजाही आखूड होते. म्हणजे घट दोनदा होते! स्प्रिंगांमधील अंतर १०० सेंटिमीटरवरून ९० केले, तर कलण्याला होणारा त्यांचा विरोध ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ८१ टक्केच उरतो.

उलट रुंद टायर रस्ता घट्ट धरतो, म्हणून चालक वळण अधिक वेगाने घेऊ शकतो आणि मोटार आणखी कलते. यासाठी कल रोखणारी, पीळ सोसणारी पोलादी कांब आडवी बसवतात.

पाटे अजिबात काढून टाकले तर? ते आसालाही जागेवर धरून ठेवतात. त्यामुळे नुसत्या वेटोळ्या स्प्रिंगा पुरत नाहीत. आस धरायला वेगळे दांडे लावावेच लागतात.