काळोखात टकटक: वेंगुर्ला रॉक्सची पाकोळी

निवतीहून आम्ही चौघांनी मिळून होडी ठरवली आणि वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांकडे निघालो. मला तिथल्या गुहेत शिरायचंच होतं. होडीवाले काका मात्र ठाम: "आत जावचा नाय!" ते बरोबर का होते, ते सांगते.

आधी गुहा. लाट खडकाच्या फटीत घुसली की आतली हवा दाबली जाते आणि लाट मागे सरकताच एकदम सुटते. जोडीला दगडगोटे घासत असतात. हजारो वर्षं हेच चाललं की फटीची गुहा होते.

अशा गुहेत भारतीय पाकोळी (एरोड्रॅमस युनिकलर) घरटी करते. अंधारात वाट कशी काढते? टकटक आवाज करून त्याचा प्रतिध्वनी ऐकते. वटवाघळांचा असा आवाज बहुधा आपल्या कानांपलीकडचा असतो, हिचा मात्र आपल्यालाही ऐकू येतो.

घरटं म्हणजे लाळ वाळून भिंतीला चिकटलेली वाटी, त्यात पिसं-काड्या. अंडी साधारण 2. परदेशात या लाळेचं सूप करतात, म्हणून इथेही घरट्यांची चोरी झालीय.

पण आपण तर चोर नाही ना? खरी गोम इथेच आहे. समुद्र शांत असतो तेव्हा होड्या जातात, आणि उन्हाळ्यात विणीचा हंगामही असतो. टॉर्च आणि गोंगाटाने पक्षी एकदम उठले आणि अंडं घरंगळलं, तर खाली फक्त पाणी.

काकांनी इंजिन बंद केलं. आम्ही बाहेरूनच पाकोळ्यांची ये-जा पाहिली. तुम्ही गेलात तर तेवढंच करा.