पिंजऱ्याचं दार पडल्यावर

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. २००७ साली मराठीत एकामागून एक चोवीस तास बातम्यांची चॅनेलं सुरू झाली, त्याच सुमारास ती मी घातली. जुन्नर-आंबेगावच्या बिबट्याची बातमी लागली की तिच्यात टिपायची. रकाने चार: गाव, चॅनेल, किती सेकंद, शेवटचं दृश्य. आता दुसरी वही चालू आहे. हा उद्योग कशासाठी, असं घरी विचारतात आणि मला धड सांगता येत नाही. बिबट्याचं म्हणाल तर आमच्याकडे त्याचं अप्रूप उरलेलं नाही. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणं झाली, पाटाला पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून बिबट्या. उसातच जन्मून उसातच म्हातारे होणारे बिबटे आहेत इथे. मला चाळा लागला तो चौथ्या रकान्याचा. तो पानामागून पान एकाच शब्दाने भरत गेला: पिंजरा.

या चॅनेलांआधीचा जमाना केबलवाल्याचा. वर पिक्चर चालू आणि खाली पट्टी पळतेय: अमक्यांचा दशक्रिया विधी, तमक्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटला काय भाव फुटला. संध्याकाळी बातम्या. त्यात निम्मा वेळ नारळ फोडणारे हात. बातमीदार, कॅमेरामन आणि निवेदक एकच, जाहिरातीचे पैसे वसूल करायलाही तोच फिरायचा, त्यामुळे ज्याने जाहिरात दिली त्याच्या गटाराची बातमी कधी व्हायची नाही. दर्जा म्हणावा तर बेताचाच. पण ओतूरच्या बातमीत बेल्ह्याचं शिवार दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची खैर नसायची. पाहणाऱ्याला बांधन् बांध ठाऊक. ग्रामीण भागातल्या केबलच्या डिजिटायझेशनची मुदत ३१ मार्च २०१७ला संपली, सेट टॉप बॉक्स आले आणि पट्टीवाली बरीच मंडळी मोबाइल उचलून यूट्यूबवर गेली.

तालुक्याच्या बातम्या मुंबईला पोचतात त्या स्ट्रिंगरच्या हातून. त्याला पैसे बातमीमागे, तेही बातमी लागली तर. मुंबईचं डेस्क त्याच्याकडे एकच गोष्ट मागतं: व्हिज्युअल. ३० जुलै २०१४ला माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली, तेव्हा पहिली खबर कुठल्या चॅनेलने दिली नाही. सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला. ओबी व्हॅनची रांग लागली ती त्यानंतर. पण माळीणला निदान दाखवायला उद्ध्वस्त डोंगर होता. शेताला पाणी द्यायची लाईट रात्रीची असेल, तर शेतकऱ्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाच्या कडेने मोटार चालू करायला जावं लागतं. माझ्या मते महावितरणचं आठवड्याचं वेळापत्रक ही बिबट्याचीच बातमी आहे. वेळापत्रकाला मात्र व्हिज्युअल नसतं. पिंजऱ्याला असतं: गज, गजांमागे गुरगुरणारं तोंड, भोवती मोबाइल उंचावलेले हात, आणि मग वाक्य येतं, ‘अखेर बिबट्या जेरबंद, ग्रामस्थांचा सुटकेचा निःश्वास’. बातमी संपली.

ती तिथे संपत नाही, हे मला कळलं एका निबंधामुळे. २०११ साली ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात तो छापून आला. लिहिणारे विद्या अत्रेय, मॉर्टन ऑडेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंथ. विषय अख्खाच्या अख्खा आमचा: जुन्नर वनविभाग, ४,२७५ चौरस किलोमीटर. मी त्याची प्रत काढून घेतली आणि कडेला पेन्सिलीने खुणा करकरून ती पार काळी केली आहे. हकीकत थोडक्यात अशी. फेब्रुवारी २००१पासून वनखात्याने वस्तीजवळचे बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडायला सुरुवात केली. एकूण २९, सरासरी सुमारे ४० किलोमीटरवर. लोकांची मागणी हीच होती, आजही हीच आहे. त्याआधी, १९९३पासून, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. ही मोहीम सुरू झाल्यावर २००३ अखेरपर्यंत ते वर्षाला १७वर गेले. पूर्वी हल्ल्यांपैकी १८ टक्के जीवघेणे ठरत, आता ३६ टक्के. बिबट्या आपल्या हद्दीत कुठे पाणी, कुठे कुत्री, माणसं कधी झोपतात हे सगळं जाणून असतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकलं की तो बिथरतो, परत फिरू पाहतो, आणि त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरा येऊन बसतो. जुन्नरने ज्या वर्षांत सर्वांत जास्त भोगलं, ती पिंजऱ्याचं दार पडल्यानंतरची वर्षं आहेत. म्हणजे माझ्या वहीतली प्रत्येक बातमी नेमकी जिथे थांबते, तिथून हा निबंध सुरू होतो.

अत्रेय यांच्याच कामातला एक बिबट्या मात्र माझ्या वहीत नाही. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली तो विहिरीत पडला. वयस्कर आणि शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला आमच्या माळशेज घाटात सोडलं. आजोबा तिथे राहिला नाही. कसारा स्टेशनच्या जवळून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, वसईच्या कारखान्यांच्या बाजूने तो थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. सुमारे १२० किलोमीटर. वाटेत किती वस्त्या, किती कुत्री, किती पोरं लागली असतील! तो चालत होता त्या दिवसांची पानं मी पुन्हा चाळली: आजोबाची एकही नोंद नाही. कुणाला त्रास दिला नाही, म्हणून बातमी नाही. २०११मध्ये मुंबईजवळ वाहनाच्या धडकेत तो गेला; पुढे २०१४ला त्याच्यावर सुजय डहाकेंचा सिनेमा निघाला.

त्याच २०११च्या सुमारास मुंबईत वनखातं आणि अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. बिबट्या दिसणं आणि बिबट्याने हल्ला करणं यांत फरक काय, गर्दी हटवणं का गरजेचं, ‘नरभक्षक’ हा शब्द कुठे वापरू नये. त्यानंतर तिकडच्या बातम्यांचा सूर बदलल्याचं पुढे अभ्यासातही दिसलं. तालुक्याच्या स्ट्रिंगरला शिकवायला कोण येणार? त्याने ‘दिसला’ लिहून पाठवलं, तरी पडद्यावर येईपर्यंत ‘धुमाकूळ’ होतो, आणि सोबतीला कुठल्या तरी आफ्रिकन बिबट्याचं जुनं फुटेज. एकदा तर चित्ता होता.

२०२५च्या अखेरीला शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लागोपाठ माणसं गेली, त्यांत लहान मुलं. लोक मंचरला महामार्गावर उतरले. तो राग खोटा नव्हता. ज्याचं पोर उसात ओढून नेलं त्याला निबंधातली टक्केवारी वाचून दाखवणारा मी कोण? पण राष्ट्रीय चॅनेलवर दिवसभर फिरलं काय, तर खिळ्यांचे पट्टे गळ्यात घालून खुरपणाऱ्या बाया. डिसेंबरात आमचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून नागपूरच्या विधानभवनात गेले. लोक हसले. मी नाही हसलो. कॅमेरा कशाकडे वळतो हे त्यांना पुरतं कळलं होतं.

वहीतली एकच नोंद वेगळी आहे. आमच्या शिवारात ऊसतोड चालू असताना पाचटात तीन बछडे निघाले. कोयते थांबले. वनखात्याची माणसं आली, डॉक्टरांनी बछडे तपासले, आणि दिवस मावळताना टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून पुन्हा त्याच सरीत नेऊन ठेवले. आई येते, क्रेट पाडते, एकेकाला तोंडात धरून नेते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या मदतीने अशा भेटी आमच्याकडे कित्येकदा घडल्या आहेत. अट एवढीच की आसपास माणूस नको.

यूट्यूब चॅनेल चालवणारा एक पोरगा ट्रायपॉड लावून बांधावर बसला होता, स्वतःच्या नावाचा बूम घेऊन. वनरक्षक त्याला म्हणाला, “भाऊ, तू हितं असलास तर ती यायची नाही.”

पोरगं माझ्याकडे वळलं. “काका, मग दाखवायचं काय?”

मी काही बोललो नाही. त्याने थोडा वेळ ट्रायपॉडच्या पायांशी चाळा केला, मग ते मिटले आणि गाडीला किक मारली.

सकाळी आम्ही दोघंही गेलो. ओल्या मातीत पंजे उमटले होते, येतानाचे आणि जातानाचे. त्याने जे होतं तेवढंच घेतलं, आवाजही भरला नाही. वहीत नोंद अशी: सेकंद, चाळीस. शेवटचं दृश्य, पालथा क्रेट आणि त्याखाली पाचटाच्या दोन काड्या.