थ्रेड (संगणकशास्त्र)

थ्रेड किंवा धागा म्हणजे संगणकावर चालू असलेल्या प्रक्रियेतील आज्ञांचा स्वतंत्रपणे पुढे जाणारा प्रवाह होय. एका प्रक्रियेत अनेक थ्रेड असू शकतात. प्रत्येकाचा स्टॅक वेगळा असतो; मेमरीतील इतर माहिती मात्र सामायिक असते. त्यामुळे नवी प्रक्रिया सुरू करण्यापेक्षा थ्रेड निर्माण करणे कमी खर्चाचे ठरते, आणि बहुतेक चुकाही याच सामायिकतेतून उद्भवतात.

पॉझिक्स प्रमाणकात थ्रेडचा समावेश १९९५ साली झाला. जावा भाषेत थ्रेडची 'स्टार्ट' ही मेथड वापरली की नवा प्रवाह सुरू होतो. थेट 'रन' वापरल्यास नवा थ्रेड सुरूच होत नाही; नवशिक्यांची ही नेहमीची चूक. 'जॉइन'मुळे एक थ्रेड दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबतो.

समजा, देवगिरी एक्सप्रेसमध्ये एकच आसन शिल्लक आहे आणि जालना व परभणी येथून त्याची मागणी एकाच क्षणी आली. मागण्या हाताळणाऱ्या दोन्ही थ्रेडनी 'शिल्लक १' असे वाचले, तर ते आसन दोघांना विकले जाईल. या स्थितीला रेस कंडिशन म्हणतात. केवळ नोंद करताना लॉक घेणे पुरेसे नाही. शिल्लक तपासणेही त्याच लॉकखाली व्हावे लागते. दोन लॉक उलट क्रमाने घेतले गेल्यास मात्र थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकून पडू शकतात. हाच डेडलॉक.

१९८६ मध्ये अमेरिकेतील टायलर येथे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रातील समांतर कार्यांमध्ये अशीच रेस कंडिशन घडली. दोन रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळून त्यांचा मृत्यू झाला. चालकाने पडद्यावरील नोंद अतिशय जलद दुरुस्त केली तरच हा दोष प्रकट होत असे.