विश्लेषण : गोल्फचा फटका लांब गेला, पण कंबर का गेली? स्विंगमध्ये शरीर नेमकं कसं वळायला हवं?

टायगर वूड्सच्या पाठीवर मार्च २०१४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात सात शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये तर कंबरेचा सर्वांत खालचा सांधा कायमचा जोडून टाकावा लागला. त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या ४३व्या वर्षी तो पुन्हा मास्टर्स जिंकला. त्यामुळे ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. पण एक साधा प्रश्न मागेच राहतो. ज्या खेळात कुणी अंगावर येत नाही, पळायचं नाही, उडी मारायची नाही आणि चेंडूही जागेवर थांबलेला असतो, त्या खेळात कंबर जाते कशी? रविवारी रेंजवर शंभर चेंडू मारून सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत कंबर धरून बसणाऱ्या हौशी खेळाडूलाही हाच प्रश्न पडतो.

(खालचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी.)

फटक्यात ताकद येते कुठून?

ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम, चेंडूचं जेमतेम ४६ ग्रॅम. व्यावसायिक पुरुष खेळाडूचा ड्रायव्हर चेंडूपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. वरून खाली यायला त्याला अंदाजे पाव सेकंद लागतो. एवढा वेग नुसत्या हातांनी येत नाही.

शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवणारा माणूस आठवा. दगडाला वेग मिळतो तो आधी पाय, मग अंग, मग हात अशा क्रमाने. गोल्फमध्येही तेच होतं. खाली येताना आधी पाय जमिनीवर दाब देतात, मग खुबे वळतात, त्यामागून छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग वेग घेतो, मंदावतो आणि मंदावताना आपला वेग पुढच्याला देतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी कोनीय संवेगाची गणितं सोडवताना हे कुणी दाखवलं असतं, तर तो विषय एवढा कोरडा वाटला नसता.

हौशी खेळाडूंचा क्रम बहुतेक वेळा इथेच उलटतो. आधी हात खाली येतात आणि अंग मागून फरफटत येतं.

मग ताण कंबरेवर का येतो?

१९९२ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी ‘एक्स-फॅक्टर’ ही कल्पना लोकप्रिय केली. क्लब मागे नेताना खांदे किती वळले आणि खुबे किती वळले, यातला फरक म्हणजे एक्स-फॅक्टर. खांदे ९० अंश आणि खुबे ४५ अंश वळले, तर फरक ४५ अंशांचा. रबर जितकं ताणाल तितक्या जोराने सुटेल, हे तत्त्व. पुढे अनेकांनी त्यातून ‘खुबे धरून ठेवा, खांदे वळवा’ एवढाच सोपा अर्थ काढला. चेंडू लांब जाऊ लागले हे खरंच.

अडचण शरीराच्या रचनेची आहे. कंबरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी चांगले आहेत, पण पिळण्यासाठी नाहीत. दोन मणक्यांमध्ये जेमतेम एक-दोन अंशांचं वळण मिळतं, कारण मागचे छोटे सांधे एकमेकांना अडवतात. म्हणजे वळण यायला हवं ते वरून, छातीच्या मणक्यांतून, आणि खालून, खुब्यांतून. दिवसभर खुर्चीत बसून नेमक्या याच दोन जागा आखडतात. त्या वळल्या नाहीत तर उरलेला पीळ मधली कंबर सोसते. त्यातच चेंडू मारण्याच्या क्षणी शरीर उजवीकडे झुकलेलं असतं आणि वेगाने वळतही असतं.

अमेरिकेतल्या बॅरो न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या शल्यचिकित्सकांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. त्यांच्या मते आधुनिक स्विंगमध्ये एका फटक्याने इजा होत नाही. हजारो फटक्यांचे छोटे छोटे आघात साचून चकती झिजते. वूड्सच्या पाठीचं सगळं खापर स्विंगवर फोडणं मात्र घाईचं ठरेल. त्याचा व्यायाम आणि सरावाचं प्रमाणही अफाट होतं.

निकलॉसच्या टाचेचं काय?

जॅक निकलॉसचे जुने व्हिडीओ यूट्यूबवर पाहा. क्लब मागे जाताना त्याची डावी टाच जमिनीवरून स्पष्ट उचललेली दिसते. टाच उचलली की डावा गुडघा आत येतो, खुबा मोकळा वळतो आणि कंबरेला पिळावं लागत नाही. खाली येताना तीच टाच जमिनीवर टेकवली की क्रमही आपोआप जमतो. निकलॉस १९८६ मध्ये ४६व्या वर्षी मास्टर्स जिंकला. अर्थात जुना स्विंग म्हणजे अमृत नव्हे. १९९९ मध्ये निकलॉसलाही खुबा बदलून घ्यावा लागला.

पण चाळिशी ओलांडलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसाने विशीतल्या व्यावसायिकाची नक्कल का करावी, हे मला कळलेलं नाही. टाच उचलायची नसेल, तर दोन्ही पावलांचे अंगठे थोडे बाहेर वळवून उभं राहिलं तरी खुब्यांना जागा मिळते. राहिला अंतराचा हट्ट. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक सर्वांत कमी अंतर मारणाऱ्यांपैकी होती, तरी तिचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली.

उभं कसं राहायचं?

बहुतेक चुका क्लब हलण्याआधीच झालेल्या असतात. वाकायचं ते कंबरेतून नाही, खुब्यातून. घरातल्या झाडूचा किंवा मॉपचा दांडा पाठीला उभा लावा. तो डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून, तिन्ही ठिकाणचा स्पर्श न सोडता पुढे झुका. पाठीला पोक आलं की दांडा माकडहाडापासून सुटतो. मग छाती वळायला जागाच राहत नाही. उलट, ‘ताठ राहा’ हा सल्ला मनावर घेऊन कंबर आत ओढणारेही बरेच असतात. अशा उभं राहण्यात पोटाचे स्नायू सैल पडतात आणि कंबरेचे सांधे आधीच दाबलेले असतात. पाठ दुखणाऱ्यांनी ही दुसरी चूक आधी तपासावी.

दुसरी तपासणी भिंतीची. बसण्याचा भाग भिंतीला टेकेल असं उभं राहा, हात छातीवर घ्या आणि सावकाश स्विंगसारखं वळा. मागे जाताना उजवी बाजू भिंतीला लागलेली हवी, पुढे येताना डावी. मध्येच दोन्ही बाजू सुटल्या तर तुम्ही चेंडूच्या दिशेने उठून उभे राहताय. चेंडूचा माथा लागणं किंवा चेंडू भलतीकडे जाणं यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

‘डोकं हलवू नकोस’ हे खरं आहे का?

अर्धं. डोकं वर-खाली होऊ नये हे ठीक. पण चेंडू गेल्यावरही मान खाली खिळवून ठेवली, तर अंगाचं वळण मानेपाशी आणि कंबरेपाशी अडतं. दहा मेजर जिंकलेली अ‍ॅनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड ड्युव्हल या दोघांचं डोकं तर चेंडूला क्लब लागता लागताच लक्ष्याकडे वळलेलं असायचं. छाती वळेल तशी मान वळू द्यावी. फटका संपताना छातीचं आणि पट्ट्याच्या बकलचं तोंड लक्ष्याकडे आणि वजन डाव्या पायावर हवं.

मोबाइलवर कसं तपासायचं?

फोन तुमच्या मागे, चेंडू ते लक्ष्य या सरळ रेषेला समांतर, हातांच्या उंचीवर ठेवा आणि स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. फोन तिरका असेल तर स्विंगचा मार्ग चुकीचा दिसतो आणि नसलेली चूक दुरुस्त केली जाते. थांबवून दोनच गोष्टी पाहा : बसण्याचा भाग मागेच राहिला का, आणि खाली येताना आधी काय हललं, खुबे की हात? सुरुवात वेजने, अर्ध्या स्विंगने करा. पहिले दहा-पंधरा चेंडू ड्रायव्हरला हात लावू नका.

दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर प्रशिक्षकाकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा.