उसाचं कांडं आणि दातांची तार

तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातलं उसाचं गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात खेळलं, ऊस वाढला आणि गावालगत समर्थ सहकारी साखर कारखान्याचं ‘सागर’ युनिट उभं राहिलं. गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि पोरांच्या हातात कांडं येतात. ती सोलायला कुणी चाकू शोधत बसत नाही. सालीची कड पुढच्या दातांत धरायची, मनगटाला हिसका द्यायचा, की साल खालपर्यंत फाटत येते. दात सरळ करण्याविषयीच्या लेखात ऊस कशाला, असं कुणी विचारेल. दाताला तार लावावी की ती न दिसणारी प्लास्टिकची अलाइनर घ्यावीत, हा प्रश्न आता मोबाइलवरच्या जाहिरातींबरोबर अशा गावांतही पोचला आहे. जाहिरातीतलं तोंड मात्र ऊस सोलत नाही, भाकरी तोडत नाही, दिवसातून चार वेळा चहा पीत नाही. खऱ्या तोंडाचा हिशेब केला, तर अशा गावातल्या बहुतेक शाळकरी मुलामुलींसाठी साधी धातूची तारच शहाणपणाची ठरते, असं माझं मत आहे. ती स्वस्त पडते हे कारण आहेच, पण ते दुय्यम. मुख्य कारण असं की तारेचं काही बिघडलं तर लगेच कळतं; अलाइनरचं बिघडतं तेव्हा महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही.

दात मुळात हलतो कसा, ते आधी पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दाताला एका बाजूनं हलका, पण सतत रेटा दिला की दाबल्या गेलेल्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताणल्या गेलेल्या बाजूला नवं भरून येतं. या रीतीनं दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर जास्त लावला म्हणून तो लवकर सरकत नाही, उलट अडतो. रेटा मात्र अखंड हवा. तो मधूनमधून सुटला की दात मागे यायला बघतो. तार आणि अलाइनर यांच्यातला सगळा वाद शेवटी इथे येऊन ठेपतो: हा रेटा चालू ठेवायचा कुणी?

तारेच्या पद्धतीत तो तारच चालू ठेवते. एकेकाळी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे. 1955 साली मायकल बुनोकोर या अमेरिकी दंतवैद्यानं दाताच्या इनॅमलवर आम्ल लावून त्याला चिकटपणा आणण्याची रीत दाखवली आणि पुढे चित्र बदललं. आजही खुर्चीवर तेच घडतं. दात पुसून कोरडा करतात, त्यावर आम्लाची निळी जेल अर्धा मिनिट ठेवतात, धुतात, हवा मारतात. तेवढाच भाग पाटीवरच्या खडूसारखा पांढरा दिसू लागतो. त्यावर ब्रॅकेट नावाचा धातूचा इवला तुकडा चिकटतो, त्याच्या खाचेत तार बसते आणि रबराची बारीक रिंग तिला धरून ठेवते. सुरुवातीची तार बहुधा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा धातू 1970च्या दशकात दातांच्या कामाला आला. वाकडी करून खाचांत अडकवली तरी ही तार मूळ कमानीच्या आकाराकडे परतू पाहते आणि परतताना दातांना हळूहळू ओढत नेते. लावणारा झोपला, विसरला, रुसला, तरी तिचं काम थांबत नाही.

अलाइनरची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. 1945 साली हॅरॉल्ड केसलिंग यांनी उपचाराच्या अखेरीस दात थोडे सरकवण्यासाठी रबराचा साचा वापरला होता. पण दर थोड्या सरकण्यासाठी नवा साचा हातानं घडवणं परवडणारं नव्हतं. 1997 साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि ते काम संगणकाकडे दिलं. दातांचं माप घ्यायचं, पडद्यावर ते टप्प्याटप्प्यानं सरळ करायचे आणि प्रत्येक टप्प्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा वेगळा ट्रे बनवायचा. एक ट्रे दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवतो. आठवडा-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. या कंपनीची सुरुवातीची पेटंटं 2017पासून संपू लागली, तेव्हापासून भारतातही अशा ट्रेंच्या कंपन्या आणि त्यांच्या जाहिराती वाढल्या. युक्ती खरोखर हुशार आहे, यात वाद नाही. पण तिच्यात एक अट आहे, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते: ट्रे दिवसातले 20 ते 22 तास तोंडात हवा.

हे 22 तास गावाच्या दिवसात बसवून पाहा. उरतात दोन तास. त्यात सकाळचा चहा, न्याहारी, दुपारची भाकरी, चारचा चहा आणि रात्रीचं जेवण. चहा ट्रे घालून पिता येत नाही: गरम चहानं प्लास्टिक वाकतं आणि गोड चहा ट्रेमध्ये साचून दात किडतात. म्हणजे दर वेळी ट्रे काढायचा, खाऊन झालं की चूळ भरायची, शक्यतो ब्रश करायचा, मग परत घालायचा. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत हे करायला बेसिन कुठे आहे? शेतात दुपारी बांधावर जेवायला बसलेल्या मुलानं तो ट्रे कुठे ठेवायचा? बहुतेकदा तो रुमालात गुंडाळला जातो, खिशात जातो, हॉटेलच्या टेबलावर कागदात राहतो आणि कागदाबरोबर उचलला जातो. ट्रे हरवला तर निदान कळतं तरी. खरा घोटाळा होतो तो रोज चौदा-पंधरा तासच घातला तर. पुढचा ट्रे आधीच्या टप्प्याचं काम पुरं झालं असं धरून बनवलेला असतो. दात तिथवर पोचलेलाच नसतो. ट्रेच्या कडेशी नखाएवढी फट दिसते, ती पुढच्या ट्रेला वाढते, त्याच्या पुढच्याला आणखी. पेटीत वीस ट्रे शिल्लक असतात आणि त्यांतला एकही आता त्या तोंडाचा उरलेला नसतो.

नीट घातले तरी काय, याचाही पुरावा आहे. नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2009 साली पुढच्या दातांची मापं घेऊन पाहिलं. संगणकानं ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी 41 टक्केच प्रत्यक्षात झाली होती. 2020 साली सुधारलेल्या ट्रेंवर पुन्हा तसाच अभ्यास झाला, तेव्हा हा आकडा 50 टक्क्यांवर आला. म्हणूनच पहिली पेटी संपल्यावर पुन्हा माप घेऊन जादा ट्रे मागवावे लागतात आणि ते दराच्या बोलीत धरलेत की नाही हे आधी विचारून घ्यावं लागतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात तार आणि अलाइनरच्या प्रत्येकी 48 रुग्णांची अखेरची स्थिती एकाच गुणपद्धतीनं तपासली गेली. त्यात अलाइनर सरासरी 13 गुणांनी मागे पडली, विशेषतः वरखालच्या दाढा एकमेकींवर नीट टेकण्यात. त्याच अभ्यासात अलाइनरवाल्यांचे उपचार सरासरी चार महिने आधी संपले होते, हेही सांगायला हवं. फटी मिटवण्यातही ती तारेच्या बरोबरीची होती. 2005चं प्लास्टिक आणि आजचं प्लास्टिक एक नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. आज दातावर बारीक उंचवटे चिकटवून ट्रेला पकड दिली जाते, योजनाही अधिक नेमक्या होतात. पण हिरडीत अडकून बसलेला सुळा खाली ओढणं, दाढ काढून झालेली मोठी जागा मुळासकट सरळ मिटवणं, गोल फिरलेला दात वळवणं, ही कामं अजूनही तारेच्या हातची जास्त आहेत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तारेला दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावं लागतं. तीर्थपुरीहून म्हणजे अंबडवरून जालना, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर. एका भेटीत आईची किंवा वडिलांची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते, एसटीचं भाडं वेगळं. अलाइनरमध्ये पाच-सहा ट्रे एकदम हातात देता येतात, मग दूरच्या गावाला तीच सोयीची नाही का? वरकरणी हे पटतं. पण भेटी कमी होतात म्हणजे काम कमी होत नाही, ते डॉक्टरच्या हातून निघून चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती येतं. जवळ डॉक्टर असेल तर ट्रेची फट दुसऱ्या आठवड्यात दिसेल. दूर असेल तर तिसऱ्या महिन्यात. म्हणजे अंतर जितकं जास्त, तितकं अलाइनरचं चुकणं महाग. शिवाय उंचवटे बसवायला, दातांच्या मधे किंचित घासून जागा करायला, नवं माप द्यायला खुर्चीवर जावंच लागतं. उलट आजची लवचीक तार कित्येकदा सहा-आठ आठवडे एकटीनं काम करते. भेटी कशा लांबवता येतील हे डॉक्टरला मोकळेपणानं विचारावं. गावाचं नाव आणि बसचं वेळापत्रक सांगूनच विचारावं.

दुसरा आक्षेप उसाचा, आणि तो तारेच्या विरुद्ध जातो. साल ओढताना पडणारा हिसका ब्रॅकेट उखडायला पुरेसा आहे. हुरडा आणि भाजलेले चणे दाण्यादाण्यानं तेच करतात. पण उखडलेला ब्रॅकेट तारेवर लोंबकळतो, ओठाला टोचतो, रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. यालाच मी दिसणारा बिघाड म्हणतो. उपायही घरातच आहे: दीड-दोन वर्षं ऊस कोयत्यानं सोलून गंडेऱ्या करायच्या आणि त्या मागच्या दाढांनी चघळायच्या, भाकरी कालवणात कुस्करायची. एक स्थानिक अडचण मात्र दोन्ही पद्धतींना सारखीच आहे. मराठवाड्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात आणि त्या इनॅमलला ब्रॅकेट काय, अलाइनरचा उंचवटा काय, नीट चिकटत नाही. ते डाग आधी दाखवावेत, म्हणजे डॉक्टर चिकटवण्याची रीत बदलतो.

तार दिसते, हा तिसरा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठवीच्या वर्गात चिडवतात, आणि मुलीच्या बाबतीत घरातली वडीलधारी मंडळी स्थळांचा विषय काढतात. पण स्थळं येण्याच्या वयाच्या आत, बारा-चौदाव्या वर्षी तार लावली, तर ती केव्हाच निघालेली असते. दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे ब्रॅकेट थोड्या जास्त पैशांत मिळतात. ब्रॅकेटभोवती घाण साचून पांढरे डाग पडतात हेही खरं. त्यासाठी दात घासायला आज लागतो त्याच्या दुप्पट वेळ द्यावा लागेल. राखुंडी किंवा मिशरी तिथे चालणार नाही, फ्लोराइडची पेस्ट आणि तारेखाली जाणारा बारीक ब्रश लागेल.

मग अलाइनर कुणी घ्यावीत? पुण्यात नोकरीला असलेला, दोन दातांमधली फट किंवा समोरची थोडीशी गर्दी काढायची असलेला, शिस्तीचा मोठा माणूस त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक आहे. लहानपणी तार लावून पुन्हा किंचित वाकडं झालेल्या दातांनाही ती छान. मात्र डॉक्टरला न भेटता घरी ट्रे मागवण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत 2014 साली सुरू झालेली स्माइल डायरेक्ट क्लब ही असे घरपोच ट्रे देणारी मोठी कंपनी डिसेंबर 2023मध्ये एकाएकी बंद पडली आणि ज्यांचे दात अर्ध्यावर सरकले होते त्यांना आपापला दंतवैद्य शोधावा लागला. ट्रे कोणताही दंतवैद्य मागवू शकतो. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त वाकड्या दातांचंच शिक्षण घेतलेला एमडीएस, म्हणजे दंतव्यंगोपचारतज्ज्ञ, वेगळा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे काम खासगीपेक्षा खूप कमी पैशांत करतात. थांबावं लागतं, रांग लागते. जबडाच मागे राहिलेला असेल तर मात्र थांबून चालत नाही, कारण वाढीचं वय निघून गेलं की तो पुढे आणणं तारेच्याही हातात राहत नाही. अशा मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षीच दाखवलेलं बरं.

आणि तार निघाली म्हणजे सुटका झाली असं नाही. सरळ झालेले दात जुन्या जागी परतू बघतात, म्हणून रात्री रिटेनर घालावा लागतो, तोही कित्येक वर्षं. गंमत अशी की तो बहुधा पारदर्शक प्लास्टिकचाच असतो, अलाइनरचाच भाऊ, फक्त दात न हलवणारा. दिवसा तो डबीत पडून असतो, त्यामुळे दातांनी कांडं सोलायला हरकत नाही. डॉक्टरनं खालच्या दातांच्या आतून बारीक तार चिकटवून दिली असेल, तर मात्र कोयता हाताशी ठेवावा.